आईवरून बोललेला शब्द

या गो बायांनो, जवळ सरका. चहा हातात घ्या, पोरांना आतल्या खोलीत कार्टून लावून द्या. एक किस्सा सांगते. आधीच बोलून ठेवते, रागानं सांगणार आहे. राग निवला की सांगीन म्हणून सात महिने थांबले, तो काही निवला नाही. आणि किस्सा कुणाचा, तर पैगंबरसाहेबांचे साथीदार हजरत अबूजर गिफारींचा, अल्लाह त्यांच्यावर राजी असो. ते स्वतः तापट होते, तेव्हा माझा राग त्यांच्या दारात चालून जाईल.

आमचं गाव रत्नागिरीकडच्या खाडीकाठचं. वरचा मोहल्ला आणि खालचा मोहल्ला. वरच्या मोहल्ल्यात आंब्याच्या बागा, बहरीन-कुवेत करून आलेली माणसं, संगमरवरी पायऱ्या. खालच्या मोहल्ल्यात आम्ही, दर्यावर जाणारे. आम्हाला दालदी म्हणतात. नाव वाईट नाही, म्हणायची रीत वाईट. मशीद एक, कबरस्तान एक, कलमा एक. जेवायला बसायचं किंवा मुलगी द्यायची म्हटलं की मोहल्ले दोन. लग्न होऊन ओमानला आले तेव्हा मला वाटलं, हे सगळं आता मागे राहिलं. कसलं मागे राहतंय! आमच्याआधी येऊन बसलं होतं.

माझा नवरा जमाल एकोणीस वर्षं इथल्या सहम गावात मासळीच्या दुकानात आहे. सुरमई साफ करण्यात त्याचा हात धरणारा या किनाऱ्यावर कुणी नाही; ओमानी बायका गाडीतून उतरायच्या आधी काच खाली करून बघतात, जमाल आहे ना आज? पण तो वाज लिहितो, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. वाज म्हणजे आमच्या गावाकडचा, सुरात गायचा. पैगंबरसाहेबांच्या साथीदारांचं चरित्र आपल्या बोलीत बांधायचं, मध्ये मध्ये दरूद, म्हणजे पैगंबरसाहेबांवरचा सलाम, त्याला लोकांनी साथ द्यायची. दुकानातल्या जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या बाजूला तो लिहितो. पानांना वास येतो म्हणून मी ती उन्हात ठेवते.

गाणारा दुसरा. वरच्या मोहल्ल्याचा नुमान, मस्कतजवळ माबेल्यात राहतो, एका कंपनीची गाडी चालवतो. गळा असा की दगड पाझरावा, पण दोन ओळी जुळवायला सांगितल्या तर घाम फुटतो. दरवर्षी पैगंबरसाहेबांच्या जन्माच्या महिन्यात, रबीउल अव्वलमध्ये, एका शुक्रवारी ओमानभरच्या आमच्या गाववाल्यांची जमात सहमच्या एका शेतावर जमते. नमाज, मग वाज, मग जेवण. अकरा वर्षं जमालनं लिहायचं, नुमाननं गायचं आणि स्टेजवरून पुकारायचं, "आता नुमानभायचा वाज." जमाल म्हणायचा, "गळा त्याचा, सवाब-पुण्य अल्लाहकडे. माजं नाव कशाला?" तेव्हाही मला राग यायचा, पण भांड्यांवर निघून जायचा.

या वर्षी त्यानं अबूजर घेतले. दोन महिने आमच्या घरात अबूजरच राहत होते म्हणा ना. भात कालवताना जमालचा हात थांबायचा. "शकीला, गिफार म्हणजे वाटमारीसाठी बदनाम झालेला कबीला. त्यातला हा माणूस मक्केला येतो, कलमा पढतो. हुजूर, आपले पैगंबरसाहेब, सांगतात, आता गावी जा, गप राहा. हा काय करतो? काब्यासमोर उभा राहून वरडून सांगतो. लोक मारतात, अधमेला करतात. दुसऱ्या दिवशी परत तिथंच, परत तेच."

"आणि तू?" मी म्हटलं. "तुला स्टेजवर नाव घ्यायला लाज वाटते."

"भात वाढ."

आता भांडण कुठून लागलं ते ऐका. आमच्याकडे एका मोठ्या थाळ्याभोवती चौघं-पाचजणं बसतात, एकत्र हात घालतात. पैगंबरसाहेबांची सुन्नत, त्यांनी घालून दिलेली रीत, म्हणून केवढी मिरवतात! पण जमातीच्या जेवणात पहिली पंगत वरच्या मोहल्ल्याची. खालच्या मोहल्ल्याची माणसं, कुणी गवंडी, कुणी होडीवर, ती वाढणार आणि मागाहून शेतावरच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानं जेवणार. कुणी नियम केलेला नाही. नियम केला असता तर मोडता तरी आला असता.

जेवणाची मासळी जमाल आणतो म्हणून त्याला कमिटीत घेतलं होतं. त्यानं कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं: 'या वर्षी वाज अबूजरच्या चादरीचा आहे. तो ऐकल्यावर दोन पंगती बसवू नयेत. सगळे एकदम बसू, थाळे मिसळून.'

एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही.

जैनुद्दीनभाय वरच्या मोहल्ल्याचे, जमातीचे अध्यक्ष. निझव्यात टाइल्सची दोन दुकानं. गाडी चालवत होते म्हणे, म्हणून लिहायच्या ऐवजी बोलून पाठवलं. सतरा सेकंद. माझ्या फोनवर मी मोजलेत.

"हा जमाल आता आपल्याला दीन-धर्म शिकवणार काय? अरे, ज्याची आय डोक्यावर पाटी घेऊन दारोदार 'बांगडे घ्या, बांगडे' वरडत फिरली, तिच्या पोटचा हा. अंगाचा वास अजून गेला नाय आणि आमच्या थाळ्यात हात घालायला निघाला. सांगा त्याला, मासे काप, मासे."

कमिटीचा ग्रुप आणि गावाचा ग्रुप, दोन्हींवर आमच्या मशिदीचा एकच फोटो. हिरवा मिनार. घाईत चुकीचा मिनार दाबला गेला. कमिटीत नऊजण. गावाच्या ग्रुपवर सगळं गाव.

सहा मिनिटांनी त्यांनी तो डिलीट केला. तोपर्यंत गावात शेजारच्या सुनेनं फोन ओट्यावर ठेवून मोठ्यानं लावला होता आणि त्याच ओट्यावर माझी सासू, खुदेजाबी, वय चौऱ्याहत्तर, सुकट निवडत बसली होती.

जमालनं गावी फोन लावला.

"अम्मा, तू ऐकलास काय?"

"ऐकला. परत लावून घेतला. परत ऐकला."

"जाऊ दे अम्मा. मोठा माणूस हाय."

"मोठा? माज्या पुढ्यात जन्मला तो. त्याच्या अकीक्याच्या, बारशाच्या जेवणातला सरंगा माज्या पाटीतला होता. मी बांगडे विकले, जमाल. एकतीस वर्षं विकले. कुजका एक विकला नाय. वरच्या मोहल्ल्यातल्या कुणी सांगावं, खुदेजानं कुजका दिला. मग जाऊ दे म्हण."

"मग काय करू?"

"तू काय करू नकोस. त्यानं करायचं. बोलला गावासमोर, तर माफी गावासमोर. माजं नाव घेऊन. ते नाय झालं तर त्या ग्रुपात मी परत तोंड दाखवायची नाय, आणि मी मेले तर वरच्या मोहल्ल्यानं माज्या जनाज्याला खांदा लावायचा नाय. लिहून ठेव."

आमच्यात जनाज्याला नाही म्हणणं म्हणजे मेल्यावरही नातं तोडणं, ते तुम्हाला ठाऊक आहे. जमाल त्या दिवसापासून जेवला नाही म्हटलं तरी चालेल.

त्या जुम्म्याच्या, शुक्रवारच्या, दोन दिवस आधी नुमान वाजाची पानं न्यायला आला. बसला, पाणी प्यायला, घसा खाकरला.

"जमाल, जैनुद्दीनभायना वाईट वाटतंय रे. डिलीट केला ना त्यांनी. खलास."

मी दारात उभी होते. म्हटलं, "डिलीट केल्यावर सासूबाईंच्या कानातनं पण गेलं काय, नुमानभाय?"

"भाबी, तुम्ही नका पडू. आणि जमाल, ते म्हणतात, तो चादरीचा भाग तेवढा वगळ. लोकांना वाटेल आपल्यालाच बोलतोय."

"तुला काय वाटतं?" जमालनं विचारलं.

"मला कशाला काय वाटायचंय? मी गातो."

जमाल उठला, कपाटातून पानं काढली, नुमानच्या हातात दिली. "हा घे. मी अडवणार नाय, दीन-धर्माचं काम आहे. पण नुमान, अबूजरच्या चरित्रातनं तेवढं काढलंस तर उरलं काय? वाळवंटातला एक तापट बदू. गाशील तर पुरा गा."

नुमान गेल्यावर मी जमालवर इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईनं विचारलं, एव्हरीथिंग ओके? का दिलीस पानं? तुझ्या आईच्या तोंडावर थुंकला तो माणूस आणि तू त्याला जेवणाआधी गाणं पुरवतोस? तो म्हणाला, "ती पानं माजी नाहीत, शकीला." मी म्हटलं, वास तर तुझाच येतो त्यांना. हे मी बोलले. मीच. अल्लाह मला माफ करो, रागात माझ्या तोंडातूनही तेच निघालं.

शुक्रवार. शेतावरचा लांब हॉल, एसी असूनही उकाडा. मध्ये पडदा, अलीकडे आम्ही. दरवर्षीसारखा मी फोन लावून ठेवला होता. गावी आमच्या ओट्यावर अम्मा आणि शेजारणी वाज ऐकायला बसतात. अम्मा म्हणाली, "मी वाज ऐकायला नाय बसले. मी त्याला ऐकायला बसलेय."

नुमाननं सुरुवात केली आणि बायांनो, खोटं कशाला बोलू, माझे केस उभे राहिले. अबूजर वाळवंटातून येतात, मक्केतल्या जमजम विहिरीच्या पाण्यावर दिवस काढतात. काब्यासमोर मार खातात, रक्तानं लाल होतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग हुजूर त्यांच्याबद्दल काय म्हणाले: अबूजरपेक्षा खऱ्या जिभेचा माणूस ना जमिनीनं पाठीवर घेतला, ना आभाळानं सावलीत. पुरुषांकडून दरूद असा उठला की पडदा हलला. पहिल्या रांगेत जैनुद्दीनभाय डोळे मिटून डुलत होते. मला फटीतून दिसत होतं.

आणि मग ते पान आलं. मला पाठ होतं, मीच उन्हात ठेवलेलं. नुमान थांबला. पाणी प्यायला. दोन पानं एकदम उलटली आणि थेट रबजाच्या माळावर गेला, जिथं अबूजर म्हातारपणी एकटे राहिले.

वगळलं. सरळ वगळलं. पुरुषांत खालच्या टोकाला जमाल बसला होता, त्यानं मान खाली घातली.

माझ्या डोक्यात काय शिरलं मला ठाऊक नाही. फोन हातात तसाच, मी पडदा बाजूला केला आणि चालत पुढे गेले.

"नुमानभाय, मधलं पान सुटलं."

कुणी तरी म्हणालं, "या अल्लाह."

जैनुद्दीनभायनी डोळे उघडले. "शकीला, बायकांनी पडद्यात राहावं. ही काय रीत?"

"पडदा आवाजाला असता ना जैनुद्दीनभाय, तर तुमच्या सतरा सेकंदांना घातला असता."

मागून कुणी हसलं आणि लगेच खोकला काढला. जमाल उठून माझ्याकडे आला. मला वाटलं, मला आत न्यायला आला. तो माझ्या बाजूला उभा राहिला, बस.

नुमानकडे सगळे बघत होते. त्याचा चेहरा लालबुंद. तो पानं चाळत राहिला, मग एकदम माइकमध्ये म्हणाला, "हा वाज मी लिहीत नाय. अकरा वर्षं जमाल लिहितो. आणि आज मला सांगितलं म्हणून मी हा भाग टाकला. माझी चूक." आणि सूर न लावता, साथीची वाट न बघता त्यानं सुरू केलं.

अबूजरचा एका माणसाशी तंटा झाला. त्या माणसाची आई परमुलखातली, अरब नव्हे. अबूजरनी रागात त्याला आईवरून हिणवलं. तो माणूस हुजूरांकडे गेला. हुजूरांनी अबूजरना विचारलं, तू त्याला आईवरून बोललास? मग म्हणाले, तुझ्यात अजून जाहिलियत आहे, जुना अंधार आहे. हे गुलाम तुमचे भाऊ आहेत. अल्लाहनं तुमच्या हाताखाली दिलेत. जे खाल ते त्यांना खायला घाला, जे ल्याल ते त्यांना ल्यायला घाला. आणि त्या दिवसापासून खऱ्या जिभेचा तो माणूस जन्मभर कसा राहिला, ते जमालनं असं बांधलं होतं:

"एक चादर अबूजरच्या खांद्यावर,
तशीच चादर गुलामाच्या खांद्यावर,
वाटसरू विचारतो, लोकहो,
यांतला मालक कुठला?"

तिथं नुमानचा आवाज फाटला. सुरात नव्हता तो, पण तसा वाज मी जन्मात ऐकला नाही. साथ कुणी दिली नाही. कुणाची हिंमत झाली नाही.

जैनुद्दीनभाय उभे राहिले. कुर्ता सारखा केला. "कुणाला वाईट वाटलं असेल तर मी…"

माझ्या हातातून आवाज आला. फोनचा स्पीकर चालू होता आणि मी माइकपाशी उभी. "असेल तर? कुणाला? कोण ते?"

खुदेजाबी. हॉलभर.

"काकी, मी…"

"नाव घे. माजं नाव ठाऊक नाय तुला? बांगडे घेताना तुजी आय घ्यायची ना हाका मारून."

"खुदेजाकाकी, चुकलं."

"काय चुकलं?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. सत्तर-ऐंशी माणसं. पडद्यामागून त्यांच्या बायकोचा, अमीरुन्निसाभाबीचा, आवाज आला. हळू, पण सगळ्यांना पोचला. "बोला हो. एकदा नीट बोला. मला तुमच्याबरोबर निझव्यापर्यंत बसून यायचंय."

"मी तुमच्या धंद्यावरून बोललो," जैनुद्दीनभाय म्हणाले. दात आवळलेले. "जमालला आईवरून बोललो. गावासमोर बोललो. चुकलो. माफ करा, खुदेजाकाकी."

फोनवर कोंबडं ओरडल्याचा आवाज आला, गावचं. मग अम्मा म्हणाली, "ऐकला. माफ केला. खांदा द्यायला येशील तर ये."

मला वाटलं, आता ती रडेल. ती रडणाऱ्यातली नाही. म्हणाली, "जमाल, हायस काय तिथं?"

"हाय, अम्मा."

"वाज बरा लिवलास. पण एक सांग. तो माणूस हुजूरांकडे गेला, अबूजरना शरम वाटली, त्यांनी चादर वाटली, सगळं झालं. जिच्यावरून बोलले, ती आय कुठं गेली? तिचं नाव काय?"

जमाल फोनजवळ वाकला. मग म्हणाला, "अम्मा, कुणी सांगतात तो माणूस म्हणजे पहिली अजान देणारे हजरत बिलाल. तसं असेल तर तिचं नाव हमामा. पण पक्क्या किताबांत त्या माणसाचंच नाव नाय, तर त्याच्या आयचं…"

"तू विचारलंस काय कुणाला? लिवताना?"

"नाय."

"दोन महिने लिवत होतास. माज्याच पोटचा ना तू? तुला पण सुचलं नाय." तिचा आवाज चढला होता. जैनुद्दीनवर चढला नव्हता इतका. "ती पण ऐकली असेल रे. कुणीतरी जाऊन सांगितलंच असेल तिला, तुज्यावरून असं बोलले. ती पण कुठल्यातरी ओट्यावर बसली असेल."

जमालच्या डोळ्यांतून पाणी आलं. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

जेवण? झालं. जैनुद्दीनभाय थांबले नाहीत, पाच-सहा घरं त्यांच्याबरोबर उठून गेली. अमीरुन्निसाभाबीनं मात्र जायच्या आधी आमच्या थाळ्यात हात घातला, दोन घास खाल्ले, बाहेर गाडीचा हॉर्न वाजत असताना. राहिलेले सगळे एकदम बसले. नुमान होडीवरच्या दोघांच्या मध्ये बसला आणि काटे काढायला त्यांच्याकडून शिकला. त्यानंतर कमिटीनं पुढच्या वर्षी जेवण डब्यांतून द्यायचं ठरवलंय, प्रत्येकाला वेगळा डबा, म्हणजे पंगतीचा प्रश्नच नको. बघितलंत? म्हणून माझा राग निवत नाही. माफी तोंडातून निघाली, डोक्यातला मोहल्ला जागच्या जागी. जमालनं ग्रुपवर लिहिलंय, आम्ही आमचा थाळा घरून आणू. या वेळी खाली स्वतःचं नाव घालून लिहिलंय.

आणि तो वाज त्यानं पुन्हा लिहायला घेतलाय. त्या बाईसाठी जागा सोडलीय कोरी, कारण खोटं तर लिहायचं नाही.

आता तुम्ही उठाल, घरी जाल, मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजला दुआसाठी हात उचलाल. आपल्या मेलेल्यांची नावं घ्याल, आईबापांची घ्याल. त्यात तिला आठवा. हमामा असेल तर हमामा म्हणून, दुसरी कुणी असेल तर नावाशिवाय. परमुलखातली, परक्यांत राहिलेली, जिच्यावरून तिच्या पोराला बोललं गेलं, ती. एक फातिहा तिच्यासाठी पढा, बायांनो. विसरू नका.